टोकाच्या घराकडे

आमच्या भागात घराचा नंबर म्हणजे अंतर. रस्ता सुरू होतो तिथे शून्य, आणि पुढे मैलाला हजार नंबर. २३५० नंबरचं घर रस्त्याच्या तोंडापासून सव्वादोन मैलांच्या जरा पुढे असणार, हे ठरलेलं. सम नंबर एका हाताला, विषम दुसऱ्या हाताला. कॉल आला की आमची ड्रायव्हर त्या रस्त्याला वळताना मीटर शून्यावर आणते आणि मी बाजूला बसून वाचत राहते, "एक पॉइंट आठ... दोन... दोन पॉइंट दोन, आता हळू." मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ, पाटलांच्या वाड्यासमोर अशा पत्त्यांवर मी लहानाची मोठी झाले. मला ही पद्धत पहिल्याच दिवशी आवडली. रात्री दोन वाजता डोंगरात विचारायला चिटपाखरू नसतं, तेव्हा घर हिशेबाने सापडतं ही केवढी सोय! हा हिशेबही एकदा चुकला, पण ते पुढे सांगते.

हा भाग म्हणजे व्हरमॉन्ट राज्याचा ईशान्य कोपरा. एका सिनेटरने १९४९ साली भाषणात या कोपऱ्याला 'नॉर्थईस्ट किंगडम' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. राज्य म्हणावं तर मेपलची झाडं, गाई आणि कॅनडाची हद्द. तीन काउंट्या मिळून २०२० च्या जनगणनेत त्रेसष्ट हजारांवर माणसं भरली. २०१८ पर्यंत आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहत होतो. त्या एकट्या गावात लाखावर लोक आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी आपण इंडिया स्टोअरच्या रांगेत भेटलोय असं वाटतं. नवऱ्याची नोकरी इकडे आली, माझं सॉफ्टवेअर तपासायचं काम घरून होण्यासारखं होतं, मुलगी कॉलेजला गेली होती. आलो.

एडिसनला असताना मी मंगळवारी रात्री एका फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये बिनपगारी काम करत असे. का, हे कुणी विचारलं तर मी 'आवड' म्हणून वेळ मारून नेते. खरं कारण पाटणजवळच्या आमच्या गावातलं आहे. १९९६ साली वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. वडापची जीप रिकामी करून त्यांना त्यात घातलं आणि कऱ्हाडला निघालो, पस्तीसेक किलोमीटर. जीपमध्ये आम्ही नऊ जण होतो. कुणी पंख्यासारखा टॉवेल हलवत होतं, कुणी पाय चोळत होतं, कुणी ड्रायव्हरला ओरडत होतं. काय करायचं ते नऊपैकी एकालाही माहीत नव्हतं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा आली २०१४ साली, ९३७ गाड्या घेऊन, आणि गाडीत डॉक्टर. वडिलांना त्याचा उपयोग नव्हता. पण त्यामुळे माझ्या चुलतभावाशी फोनवर झालेला एक संवाद मात्र कायमचा लक्षात राहिला. "म्हणजे ताई, तू डॉक्टर झालीस?" नाही रे. "मग नर्स?" नाही. "मग गाडी चालवतेस?" कधीकधी. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरं आहे, अमेरिकेत कसलंही काम करतात लोक."

इथल्या अॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टर नसतो. त्याने आखून दिलेले नियम असतात आणि आम्ही असतो. एडिसनला तेही सोपं होतं. आम्ही पोचायच्या आत किंवा पाठोपाठ हॉस्पिटलचे पॅरामेडिक वेगळ्या गाडीतून यायचे, मोठी औषधं त्यांच्याकडे. आमचं काम उचलायचं, ऑक्सिजन लावायचा, कागद भरायचे. हॉस्पिटल बारा मिनिटांवर. रक्तदाब दोनदा मोजेपर्यंत दार यायचं. पाच-सहा वर्षांत शेकडो माणसं मी त्या दारातून आत सोडली असतील, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा आज आठवत नाही.

व्हरमॉन्टला आल्यावर कळलं की माझं जर्सीचं ईएमटीचं, म्हणजे अॅम्ब्युलन्सवर काम करण्याचं, कार्ड इथे चालणार नाही, राष्ट्रीय परीक्षा पुन्हा द्यायची. शिवाय एखाद्या पथकाने तुम्हाला आपलं म्हटल्याशिवाय राज्य लायसन्स देत नव्हतं. पथकाच्या शेडमध्ये गेले तर एक बाई गाडीखाली आडवी होऊन काहीतरी ठोकत होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, तेव्हा वय एकाहत्तर. तिने तसंच आडव्याने विचारलं, "रात्री येशील?" येईन म्हटलं. "बर्फात गाडी चालवता येते?" नाही म्हटलं. "ते मी शिकवीन. उलट्या पुसता येतात?" तीच आमची मीटर शून्यावर आणणारी ड्रायव्हर. मी पन्नाशीला आले तरी ती मला पोरीच म्हणते.

पुढे मी अॅडव्हान्स्ड ईएमटीची परीक्षा दिली. म्हणजे सलाईनची सुई लावता येते, आणखी काही औषधं देता येतात. पॅरामेडिकच्या खालची पायरी. आमच्या पट्ट्यात पॅरामेडिक एक-दोनच, तेही शेजारच्या गावांत. गरज पडली तर आम्ही आमच्या बाजूने निघतो, तो त्याच्या बाजूने, आणि मध्ये कुठल्यातरी पेट्रोल पंपाच्या आवारात तो आपली बॅग घेऊन आमच्या गाडीत चढतो. याला इंटरसेप्ट म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एस.टी.ला हात करून चढणाऱ्या माणसाची आठवण झाली.

एका सकाळचं सांगते. मार्च महिना, पहाटे साडेचार, दूधवाल्या शेतकऱ्याच्या छातीत दुखतंय. १९४०च्या दशकात या राज्यात अकरा हजारांवर दुग्धशाळा होत्या, आता हजारही उरलेल्या नाहीत. जे उरलेत ते असे हट्टी. आम्ही पोचलो तर माणूस घरात नव्हता, गोठ्यात होता. बादली उलटी घालून तिच्यावर बसलेला, चेहरा ओल्या राखेसारखा, आणि एका गाईच्या सडांना यंत्र लावलेलं. म्हणाला, "एवढी ओळ होऊ दे." बायको दारात हात बांधून उभी. तिचं त्याला आधीच सगळं बोलून झालं असणार.

छातीवर ईसीजीचे पॅच चिकटवायचे तर अंग घामाने निथळत होतं. चिकटेनात. मी टॉवेलने पुसते, लावते, ते सुटतात. लोकरीचा शर्ट कापायला कात्री काढली तर त्याने माझं मनगट धरलं. आईने विणलेला होता. मग बटणं एकेक करून काढली, थंडीने माझी बोटं वाकत नव्हती. पट्टी निघाली आणि ती वाचायला मोठा अभ्यास लागत नव्हता, रेघा वर उचलल्या गेल्या होत्या. अॅस्पिरिनच्या चार लहान गोळ्या चावायला दिल्या. ती पट्टी हॉस्पिटलला पाठवायची सोय यंत्रात आहे, फक्त मोबाइलला रेंज हवी. त्या खोऱ्यात रेंज नाही. "तुम्हाला आत्ता निघायला हवं," मी म्हटलं. तो म्हणाला, "आणि यांचं काय?" साठ गाई आमच्याकडे बघत होत्या.

एडिसनला मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि नियमांच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. आमच्या ड्रायव्हरबाई बाहेर गेल्या, रेडिओवर डिस्पॅचला म्हणाल्या, अमक्याला फोन लाव आणि सांग की तमक्याच्या गाई पिळायच्यात. दिवे लावून येणारा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आम्ही उतारावर ओलांडला. स्ट्रेचरवरच्या माणसाने मान वळवून मागच्या काचेतून तो पाहिला आणि पहिल्यांदा डोकं खाली टेकलं. त्यानंतर त्याचा रक्तदाबही जरा खाली आला.

जवळचं हॉस्पिटल लहान. खेड्यापाड्यांतली अशी बरीच हॉस्पिटलं पंचवीस खाटांच्या मर्यादेत चालतात, सरकार त्यांना तेवढ्या अटीवर जास्त पैसे देतं. तिथे हृदयाची नस उघडायची सोय नाही, ती न्यू हॅम्पशायरच्या लेबननला. हेलिकॉप्टर आहे, पण त्या दिवशी ढग डोंगराला टेकले होते, ते उडालं नाही. टेकडीच्या माथ्यावर आल्यावर यंत्राला रेंज मिळाली आणि पट्टी गेली. पॅरामेडिक वाटेत चढला. मग आम्ही तिघं हायवेला लागलो, आणि पुढे पाऊण तासाहून जास्त काही करण्यासारखं नव्हतं. सुई लागली होती, औषधं दिली होती, दर पाच मिनिटांनी आकडे लिहायचे. बाकी फक्त बसायचं.

हे बसणं मला कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला मी यंत्राकडे बघत राहायची, नळ्या नीट करायची, उगाच चादर सारखी करायची. समोरच्याला कळतं की ही घाबरलीय. आता मी विचारते, लाकडं किती लागली यंदा? इथे घरं लाकडांवर तापतात, आणि हा प्रश्न विचारला की माणूस बोलायला लागतो. मार्चमध्ये विचारायचं, मेपलचा रस वाहायला लागला का. नोव्हेंबरमध्ये, हरीण मिळालं का. एका आजींनी मला पन्नास मिनिटांत मेपलचा पाक उतू जाऊ नये म्हणून लोण्याचा खडा कधी टाकायचा ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "मला भीती वाटतेय असं मुलाला सांगू नकोस." कागदावर 'वेदना: दहापैकी चार' लिहिलं.

त्या दिवशी त्या शेतकऱ्याने मला विचारलं, "कुठली तू?" भारतातली, महाराष्ट्र. "नाही, इकडे यायच्या आधी?" न्यू जर्सी. "हां," तो म्हणाला, जणू निदान झालं. बाहेरून आलेल्याला इथे फ्लॅटलँडर म्हणतात, सपाटीवरचा. आपल्याकडे घाटावरचा माणूस कोकणात उतरला की त्याच्याकडे जसं बघतात, तसंच काहीसं. सात समुद्र ओलांडल्याचं कुणाला काही नाही, जर्सीहून आले याचं मात्र वाईट वाटतं. मी त्याला सांगितलं की माझं माहेर सह्याद्रीच्या कुशीत आहे, कोयनेच्या पाण्याशेजारी. "मग तू सपाटीवरची नाहीस," असा निकाल त्याने मास्कमधून दिला. पुढे तो वाचला. एप्रिलमध्ये चिखलात आमची दुसऱ्या कॉलला निघालेली गाडी एक्सलपर्यंत रुतली, तेव्हा ओढून काढायला त्याचाच ट्रॅक्टर आला. बर्फ वितळलं की इथल्या कच्च्या रस्त्यांचा असा लगदा होतो, त्याला पाचवा ऋतू म्हणतात. राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. ट्रॅक्टर तो चालवत नव्हता, डॉक्टरांनी मना केलं होतं. मुलगा चालवत होता आणि हा बाजूला उभा राहून सूचना देत होता.

आमच्या रस्त्यावर एक म्हातारा अंडी विकायचा. विकायचा म्हणजे, फाटकाशी एक जुना फ्रिज आणि पैसे टाकायला कॉफीचा डबा. दर शनिवारी मी एक डझन घ्यायची. ऑक्टोबरमध्ये त्याच्या नंबरवर टोन वाजले. टोन म्हणजे पेजरचा तो विशिष्ट सूर, त्यापाठोपाठ पत्ता सांगतात. मी नंबर ऐकला आणि जिना उतरताना मला फ्रिजचं हँडल दिसलं. छाती दाबायची ती मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच सेंटिमीटर खोल. बरगडी तुटते ती हाताला कळते. आम्ही आळीपाळीने पस्तीस मिनिटं केलं आणि मग हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी रेडिओवर बोलून थांबलो. अनोळखी माणसाच्या बाबतीत थांबल्यावर मी हातमोजे काढायची, गाडीत जाऊन बसायची. इथे त्याच्या बायकोने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी केली. नको म्हणता येईना.

पुढच्या शनिवारी फ्रिजमध्ये अंडी होती. मी थबकले, तर त्या खिडकीतून म्हणाल्या, "कोंबड्या घालतातच की."

कुणाच्या घरी काय झालं हे आम्ही बोलायचं नाही, असा १९९६ चा कायदा आहे. शहरात तो पाळायला काही कष्ट नाहीत, कोण कुणाला ओळखतं! इथे किराणा दुकानात पुढे उभा असलेला माणूस पंधरा दिवसांपूर्वी माझ्या गाडीत रडलेला असतो. तो मला हवेबद्दल विचारतो, मी त्याला हवेबद्दल सांगते. दुकानदाराला गावची अॅम्ब्युलन्स कुठे गेली होती हे दिव्यांवरून कळलेलंच असतं. तो मला बघून कधीच विचारत नाही.

हे सगळं चालतं कशावर, तर पेजर कमरेला लावून घरी थांबण्याचे तासाला थोडे डॉलर मिळतात, त्यात पेट्रोल सुटतं. बाकी पैसा गावाचा. मार्चच्या पहिल्या मंगळवारी व्हरमॉन्टच्या गावोगाव गावसभा भरते. आमची शाळेच्या हॉलमध्ये. माणशी किती डॉलर अॅम्ब्युलन्सला द्यायचे हा एक मुद्दा असतो. पोलीस हवेत, आग विझवणारे हवेत यावर कुणाचा वाद नसतो. अॅम्ब्युलन्स ही अत्यावश्यक सेवा आहे असं मात्र अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांचा कायदा अजून म्हणत नाही. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा पैसे देतो तो माणूस उचलून हॉस्पिटलला नेला तर. आमचे निम्मे कॉल, मी अंदाजाने सांगते, पडलेल्या म्हातारीला उचलून खुर्चीत बसवण्याचे. लागलेलं नसतं, तिला यायचं नसतं, ती सही करते, आम्ही चहाचं भांडं गॅसवरून उतरवून ठेवतो आणि परत येतो. याचा एक पैसाही नाही. माझं मत विचाराल तर त्या म्हातारीला उचलणं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगाचं काम आहे, आणि ज्याने त्याला शून्य किंमत लावली त्याला एकदा तरी स्वयंपाकघराच्या फरशीवर सहा तास पडून राहायला लावलं पाहिजे.

आमच्या ड्रायव्हरबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी अॅम्ब्युलन्स गावच्या अंत्यसंस्कारवाल्याकडे असायची. आडवं झोपवून न्यायची गाडी फक्त त्याच्याकडे, म्हणून. जगला तर पोचवल्याचे पैसे, नाही तर पुढचं सगळं काम त्याचंच. १९६६ साली नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला, तेव्हा कुठे देश हलला आणि शिकवलेली माणसं गाडीत आली. त्या पहिल्या पिढीनंतर इथे जी उभी राहिली ती आता सत्तरीत आहे. तरुण मुलं कोर्स करतात, दीडशेच्या वर तास घालवतात, मग बर्लिंग्टन-बॉस्टनला जातात. त्यांना दोष देत नाही. मीही पाटणला राहिले नाही.

  

आता तो चुकलेला हिशेब. फेब्रुवारी, रात्री एक, बाहेर उणे अठ्ठावीस सेल्सिअस. बाईला श्वास घेता येत नाही. मुख्य रस्त्यावरून वळताना समोरून बर्फ ढकलणारा ट्रक आला, त्याला वाट द्यायच्या नादात आम्ही मीटर शून्यावर आणलं ते शेदोनशे यार्ड पुढे जाऊन. मीही बोलले नाही. नंबर हिरव्या पाटीवर चमकत्या पांढऱ्या अक्षरात असतो, पण रस्ता साफ करणाऱ्याने उडवलेलं बर्फ साचून पाटी गळ्यापर्यंत गाडली गेली होती. आमच्या हिशेबाने घर पुढे होतं. आम्ही पुढे गेलो, रस्ता संपला, वळायला जागा नव्हती, मागे मागे येत राहिलो. नऊ मिनिटं गेली. नवरा टॉर्च घेऊन फाटकाशी येऊन उभा होता. आम्ही पहिल्यांदा समोरून गेलो तेव्हाही तो तिथेच होता. थंडीने टॉर्चचे सेल बसले होते. त्याच्या पायात घरातल्या सपाता होत्या.

बाई वाचल्या. त्यांच्या छातीत पाणी झालं होतं, मास्क लावून बसतं केल्यावर ओठांचा निळेपणा उतरला. त्या रात्री आम्ही दोन रुग्ण नेले. दुसरा तो नवरा होता, पायाची तीन बोटं पांढरीफटक पडलेली. आमच्या ड्रायव्हरबाई परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "मीटर खोटं बोललं नाही, पोरी. आपण बोललो." दुसऱ्या दिवशी त्या फावडं घेऊन एकट्याच गेल्या आणि त्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोकळ्या करून आल्या.

तेव्हापासून मी जिथे जाते तिथे एकच गोष्ट बघते. गेल्या डिसेंबरात पुण्याला बहिणीकडे गेले होते. सोसायटीच्या तीन इमारती, नावं झाडांच्या आड, एकाही जिन्यावर अक्षर नाही, आणि वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "कुणाकडे जायचंय ते सांगा, मी दाखवतो." वॉचमन जेवायला गेला असेल तर? आज रात्री जेवण झाल्यावर एकदा खाली उतरा, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा आणि आपल्या घराचा नंबर तिथून दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर उद्याच रंग आणा.